ओढायची, वाहायची की चालवायची?

बंद पडलेला टेम्पो दुसऱ्या टेम्पोच्या मागे दोराने बांधून नेताना आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. मागच्या टेम्पोत एक जण स्टिअरिंग धरून बसलेला असतो. पुढच्याने वेग कमी केला की दोर सैल पडतो, आणि मागच्याने वेळीच ब्रेक दाबला नाही तर टेम्पो पुढच्यावर जाऊन आदळतो. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही किंवा थोपवूही शकत नाही, हे भौतिकशास्त्राचे पुस्तक न उघडताही त्या माणसाला कळलेले असते. अंतर दोन-चार किलोमीटरचे आणि वेग सायकलचा, म्हणून हा खटाटोप निभावतो.

आता अंतर पाचशे किलोमीटरचे आहे आणि न्यायची वस्तू म्हणजे शर्यतीची हलकी, ठेंगणी, महागडी मोटार आहे अशी कल्पना करा. ती बंद पडलेली नाही. उलट रस्त्यावरच्या कोणत्याही मोटारीपेक्षा जोरात धावू शकते. मग ती दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून का न्यायची? आणि न्यायचीच तर कशी? प्रश्न हौशी श्रीमंतांच्या चैनीचा वाटेल. पण त्याचे उत्तर शोधताना तंत्रज्ञांना जे शिकावे लागले, ते बैलगाडीपासून ट्रक-ट्रॉलीपर्यंत सगळ्यांना लागू आहे. शिवाय या प्रश्नाच्या इतिहासात एक दिवस असा आहे की ज्याची जगभर आठवण काढली जाते. तेथूनच आपण सुरुवात करू.

एका रिकाम्या ट्रेलरची गोष्ट

३० सप्टेंबर १९५५. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातून दोन मोटारी उत्तरेकडे सॅलिनस या गावी निघाल्या. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. सॅलिनसला त्या शनिवार-रविवारी शर्यती होत्या. पुढे होती चंदेरी रंगाची, छप्पर नसलेली पोर्श ५५० स्पायडर. चालवत होता चोवीस वर्षांचा चित्रपट अभिनेता जेम्स डीन आणि शेजारी बसला होता पोर्शचा जर्मन मेकॅनिक रॉल्फ व्यूटरिच. मागून एक फोर्ड स्टेशन वॅगन येत होती आणि तिला जोडलेला ट्रेलर रिकामा होता.

तो ट्रेलर रिकामा असायचा नव्हता. पोर्श त्यावर चढवून सॅलिनसला न्यायची असाच मूळ बेत होता. पण गाडी डीनने आठ-दहा दिवसांपूर्वीच घेतलेली होती. नव्या इंजिनाचे घासणारे भाग एकमेकांशी नीट बसण्यासाठी ते काही अंतर बेताने चालवावे लागते. आपल्याकडे याला ‘रनिंग इन’ म्हणतात. डीनची पोर्श शर्यतीपूर्वी पुरेशी चाललेली नव्हती आणि चालकाचा हातही तिच्यावर बसायचा होता. तेव्हा ती ट्रेलरवरून न नेता चालवतच न्यावी, असे व्यूटरिचने सुचवले. तांत्रिकदृष्ट्या सल्ला चुकीचा नव्हता.

दुपारी साडेतीनच्या सुमारास, बेकर्सफील्ड गावाच्या दक्षिणेस, वाहतूक पोलिसाने दोन्ही गाड्या थांबवल्या. डीनने ताशी ५५ मैलांच्या (सुमारे ८८ किलोमीटरच्या) मर्यादेत ६५ मैलांचा (सुमारे १०५ किलोमीटरचा) वेग ठेवला होता, म्हणून त्याला दंडाची चिठ्ठी मिळाली. स्टेशन वॅगनच्या चालकालाही चिठ्ठी मिळाली, आणि तीही अधिक मोठ्या गुन्ह्याची. त्याने मर्यादा २० मैलांनी ओलांडली होती, कारण ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला त्या रस्त्यावर ताशी ४५ मैलांचीच (सुमारे ७२ किलोमीटरची) परवानगी होती. ट्रेलर भरलेला आहे की रिकामा, याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते. हा आकडा आपण लक्षात ठेवू. पुढे त्याचे कारण पाहायचे आहे.

सव्वादोन तासांनंतर, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, शोलॅम या वस्तीजवळच्या तिठ्यावर समोरून येणारी एक मोटार डावीकडे वळताना पोर्शच्या आडवी आली. डीनचा मृत्यू झाला. व्यूटरिच गाडीबाहेर फेकला गेला आणि जबर जखमी होऊनही वाचला. रिकामा ट्रेलर घेऊन मागची मंडळी काही वेळाने तेथे पोहोचली.

पोर्श ट्रेलरवर असती तर डीन वाचला असता का? इतिहासात ‘जर-तर’ला उत्तर नसते. तिठ्यावर मोटार आडवी येणे हे अपघाताचे कारण होते. ट्रेलर रिकामा असणे हे नव्हे. पण पोर्श त्या वेळी त्या तिठ्यावर स्वतःच्या चाकांवर का होती, याचे उत्तर सकाळी घेतलेल्या त्या निर्णयात आहे. तेव्हा ‘मोटार कशी न्यायची’ हा प्रश्न क्षुल्लक नाही, एवढे तरी आपल्याला म्हणता येते.

चालवत जाण्याचे दिवस

डीनचा निर्णय आज आपल्याला विचित्र वाटेल, त्या काळात तो तसा नव्हता. १९२० च्या दशकात बुगाती टाइप ३५ सारखी गाडी बाळगणारे हौशी शर्यतपटू घरून गाडी चालवत शर्यतीच्या जागी येत, तेथे चिखलरोधक पत्रे आणि दिवे काढून ठेवत, शर्यत संपली की ते पुन्हा बसवून घरी जात. १९५१ साली इंग्लंडमधील जॅग्वार कंपनीच्या सी-टाइप गाड्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून फ्रान्समधील ल मान्सला रस्त्यानेच चालवत नेल्या होत्या. त्यांतल्याच एकीने पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड यांच्या हाती चोवीस तासांची शर्यत जिंकली.

याच कंपनीची आणखी एक हकीकत प्रसिद्ध आहे. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप ही नवी मोटार जगापुढे यायची होती. तिथे दाखवायची बंद छपराची गाडी बॉब बेरी यांनी इंग्लंडहून चालवत नेली आणि ती पत्रकारांसमोर येण्याच्या अगदी थोडा वेळ आधी पोहोचली. फेरफटक्यासाठी लोकांची इतकी झुंबड उडाली की दुसरी गाडी तातडीने मागवावी लागली. चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस रात्रभर चालवत ती उघडी ई-टाइप घेऊन सकाळी जिनिव्हात हजर झाले. ट्रेलरवर किंवा ट्रकवर ती त्या वेळात पोहोचलीच नसती.

म्हणजे चालवत नेण्याचा पहिला फायदा वेगाचा. मग ही पद्धत मागे का पडली? कारण शर्यतीची गाडी आणि रस्त्याची गाडी हळूहळू एकमेकींपासून दुरावत गेल्या. शर्यतीचे इंजिन जास्त फेऱ्यांवर, म्हणजे भरपूर उष्णतेत नीट चालते. त्याचे स्पार्क प्लग ती उष्णता झटकन बाहेर टाकतील असे बनवलेले असतात. असे इंजिन गावातल्या गर्दीत रखडले की प्लग पुरेसे तापत नाहीत, त्यांच्यावर काजळी आणि तेल साचते आणि ठिणगी पडेनाशी होते. दुसरे कारण अधिक सरळ आहे. शर्यतीत गाडी मोडली तर परत कशी आणायची? येताना धावत आलेली गाडी जाताना धावेलच याची खात्री नसते. तिसरे कारण काळाने आणले. १९५० च्या दशकातील त्या गाड्या आज जपून ठेवण्याच्या वस्तू झाल्या आहेत. त्यांचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत, घडवून घ्यावे लागतात. अशा गाडीचा प्रत्येक किलोमीटर म्हणजे झीज, आणि ती झीज प्रदर्शनात किंवा शर्यतीत व्हावी, वाटेत होऊ नये असे मालकाला वाटणे साहजिक आहे.

चाके जमिनीवर ठेवून

तर गाडी दुसऱ्या गाडीने न्यायची असे ठरले. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोराऐवजी लोखंडी दांड्यांचा त्रिकोण वापरून तिला पुढच्या गाडीला जोडणे. दांडा ओढतो आणि थोपवतोही, त्यामुळे दोराचा दोष जातो. मागची गाडी चारही चाकांवर निमूटपणे चालत येते. अडचण वरून दिसत नाही. ती गिअरबॉक्समध्ये असते.

साध्या, हाताने गिअर बदलायच्या गिअरबॉक्समध्ये तळाशी तेल असते. एक आडवा दंड त्या तेलात अर्धवट बुडालेली दातेरी चाके फिरवतो आणि तेल उडून वरच्या भागांवर पडते. हा दंड इंजिनाच्या बाजूने फिरतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढली की मागची चाके गिअरबॉक्सचा बाहेर जाणारा दंड फिरवत राहतात. पण इंजिन बंद असल्यामुळे तेल उडवणारा दंड स्थिर असतो. म्हणजे फिरणारा भाग फिरतो आहे आणि त्याला तेल पाजणारा झोपला आहे. दहा-वीस किलोमीटर हे चालते. पाचशे किलोमीटरमध्ये बेअरिंग कोरडी पडून जळू शकतात. कित्येक गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत ओढून नेण्याच्या अंतरावर आणि वेगावर मर्यादा घातलेली असते ती यामुळेच.

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तर तेल पंपाने फिरते आणि पंप इंजिनावर चालतो. अमेरिकेतील जुन्या काही स्वयंचलित गिअरबॉक्सना मागच्या बाजूला, चाकांच्या फिरण्यावर चालणारा दुसरा पंप असे. पुढे खर्च वाचवण्यासाठी तो काढून टाकला गेला. ज्याच्याकडे अशी जुनी गाडी होती त्याचा अनुभव नव्या गाडीला लावला तर गिअरबॉक्स खराब होणार, हे उघड आहे.

यावर तोड म्हणून गाडीची दोन चाके छोट्या दुचाकी गाड्यावर उचलून घेतात. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर हे छान जमते: चालणारी चाके वर, नुसती घरंगळणारी चाके खाली. पण जुन्या स्पोर्ट्स कार बहुतेक सगळ्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या. पुढची चाके उचलली तर गिअरबॉक्सचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. मग इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब दंड (प्रोपेलर शाफ्ट) सोडवून ठेवावा लागतो. आणि पोर्श ५५० सारख्या गाडीत असा सोडवण्याजोगा लांब दंडच नाही; इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची चाके एका गठ्ठ्यात असतात.

लांब पल्ल्यासाठी सर्व चाके जमिनीवरून उचलणे श्रेयस्कर, या निष्कर्षाला आपण येऊन पोहोचतो. म्हणजे ट्रेलर.

गाडीवानाचे शहाणपण

ट्रेलरवर गाडी चढवली, बांधली, निघालो, एवढे सोपे ते नाही. आणि नेमके काय सांभाळायचे हे आपल्या गाडीवानाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडी म्हणजे एका आसाचा ट्रेलरच. उसाची मोळी किंवा धान्याची पोती रचताना गाडीवान भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो. भार फार पुढे गेला तर बैलांच्या मानेवर ओझे येते. मागे गेला तर गाडी ‘उलाळ’ होते: जू वर उचलले जाते, गळ्याचा पट्टा बैलांना काचतो आणि चढावर तर गाडी मागेच बसते. बेताचा भार मानेवर हवा, हा त्याचा नियम.

मोटारीच्या ट्रेलरला हाच नियम लागू आहे, फक्त मानेच्या जागी ओढणाऱ्या गाडीचा मागचा जोड येतो. फळ्यावर करण्याजोगे एक गणित घेऊ. ट्रेलरचे वजन ४०० किलो, त्यावरची मोटार १,००० किलो. आसापासून जोडापर्यंतचे अंतर ३ मीटर. रिकामा ट्रेलर जोडावर ३० किलो भार देतो. आता मोटारीचा गुरुत्वमध्य आसाच्या २० सेंटिमीटर पुढे येईल अशी ती उभी केली, तर तरफेच्या नियमाने तिचा जोडावर येणारा भार १,००० × ०.२ ÷ ३, म्हणजे सुमारे ६७ किलो. एकूण ९७ किलो. सगळ्या वजनाच्या सुमारे ७ टक्के. हे ठीक आहे. पण तीच मोटार ४० सेंटिमीटर मागे राहिली, म्हणजे गुरुत्वमध्य आसाच्या २० सेंटिमीटर मागे गेला, तर मोटार जोडाला ६७ किलोने वर उचलू पाहते. रिकाम्या ट्रेलरचे ३० वजा केले तरी ३७ किलोचा उचल उरतो. ओढणाऱ्या गाडीची मागची चाके त्या प्रमाणात हलकी होतात. ट्रेलर उलाळ झाला.

अमेरिकेत जोडावरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची रीत आहे. युरोपातल्या गाड्या लहान, त्यांचे जोडही कमी भाराचे. तेथे ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास भार ठेवतात आणि वेगही कमी ठेवतात.

इथे स्पोर्ट्स कारची एक गोम आहे. बहुतेक मोटारींचे इंजिन पुढे असते, त्यामुळे नाक पुढे करून चढवली की जड बाजू आपोआप जोडाकडे येते. पोर्श ५५० चे इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या लगेच पुढे. पोर्श ९११ चे तर मागच्या आसाच्याही मागे. अशी गाडी सवयीप्रमाणे नाक पुढे करून ट्रेलरच्या मधोमध उभी केली तर भार शेपटीकडे राहतो. ती आणखी पुढे सरकवावी लागते, किंवा जागा पुरत नसेल तर उलटी चढवावी लागते. दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच सुबक बसलेल्या दिसतात. फरक डोळ्यांना दिसत नाही, वजनकाट्याला दिसतो.

चढवण्याचेही एक भूमितीचे गणित आहे. ट्रेलरची फळी जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आणि चढण्याचे पाट २ मीटर लांब असतील, तर चढाचा कोन १४ अंशांहून अधिक होतो. जमिनीपासून वीतभरही उंच नसलेले नाक पाटाला घासणार. पाट दुप्पट लांब केले की कोन जवळजवळ निम्मा होतो. ठेंगण्या गाडीला लांब पाट लागतात ते यासाठी.

शेपूट केव्हा हलू लागते?

आता त्या ४५ मैलांच्या मर्यादेकडे येऊ. ट्रेलर जोडावर डावीकडे-उजवीकडे वळू शकतो, नाहीतर वळणावर जाताच येणार नाही. म्हणजे तो एक आडवा पडलेला लंबक आहे. शेजारून मोठा ट्रक जोरात गेला, वाऱ्याचा झोत आला, की ट्रेलरची शेपूट बाजूला सरकते. त्याची चाके या आडव्या सरकण्याला विरोध करतात आणि त्याला पुन्हा सरळ रेषेत आणतात. साधारण वेगात दोन-तीन हेलकाव्यांत सगळे शांत होते.

वेग वाढला की काय होते? टायरचा आडवा विरोध हा टायर आपल्या तोंडाच्या दिशेपासून किती कोनाने तिरका चालला आहे यावर अवलंबून असतो. शेपूट सेकंदाला अर्धा मीटर आडवी सरकते आहे असे समजा. गाडी सेकंदाला १० मीटर जात असेल तर हा तिरकेपणा दहास अर्धा, म्हणजे सुमारे ३ अंश. गाडी सेकंदाला ३० मीटर जात असेल तर तेवढ्याच आडव्या सरकण्याचा तिरकेपणा एक अंशाच्या आसपास. कोन कमी, म्हणून विरोध कमी, म्हणून हेलकावा विझायला वेळ जास्त. प्रत्येक जोडीसाठी असा एक वेग असतो की ज्यापुढे हेलकावा विझतच नाही, उलट प्रत्येक झोक्यागणिक मोठा होतो. झोपाळ्यावरच्या मुलाला योग्य क्षणी धक्का देत राहावे तसे. भार जितका मागे, तितका हा धोक्याचा वेग खाली येतो. जड हत्यारांची पेटी शेवटी टाकली तरी तेच होते. वजन आसापासून दूर गेले की फिरण्याचे जडत्व वाढते आणि एकदा सुरू झालेला हेलकावा थोपवणे टायरांना जड जाते.

हा वेग गाडीच्या काट्यावर लिहिलेला नसतो. चालकाला तो ओलांडल्यावरच कळतो, तोही बहुधा उतारावर, कारण तेथे वेग नकळत वाढतो आणि ट्रेलर मागून ढकलू लागतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढून घ्यायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचे, हा अनुभवी लोकांचा सल्ला आहे. करकचून ब्रेक लावला किंवा हेलकाव्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत बसले तर झोक्याला आणखी बळ मिळते.

कायद्यातील कमी वेगमर्यादा या भौतिकशास्त्रावर उभी आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांची मर्यादा पुढे ताशी ५५ मैल झाली, तरी इतर मोटारींपेक्षा ती आजही कमीच आहे. जर्मनीत साधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते; ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या ट्रेलरला महामार्गावर १०० ची परवानगी मिळते.

जोडच नको: स्टुटगार्टची निळी गाडी

ज्या वर्षी डीनचा ट्रेलर रिकामा धावत होता, त्याच वर्षी जर्मनीत याच प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर दिले जात होते. मर्सिडीझ-बेंझच्या शर्यत विभागाचे प्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर यांच्या संघाच्या गाड्या नेहमीच्या ट्रकवरून सावकाश जात. पण शर्यतीच्या तोंडावर कारखान्यातून एखादी गाडी पटकन पोहोचवायची किंवा मोडलेली पटकन परत आणायची तर? जिथे हेलकाव्याचा उगम होतो तो जोडच काढून टाकायचा आणि मोटार थेट एका वेगवान गाडीच्या पाठीवर घ्यायची, हा उपाय निघाला.

रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या तंत्रज्ञांनी ३०० एस मोटारीचा सांगाडा लांबवला, त्यावर ३०० एसएल या स्पोर्ट्स कारचे तीन लिटरचे इंजिन बसवले आणि चालकाची खोली पुढच्या चाकांच्याही पुढे ढकलली, म्हणजे पाठीवर जागा झाली. लांबी पावणेसात मीटर, ताकद १९२ अश्वशक्ती, मोटार पाठीवर घेतल्यावर वजन सुमारे तीन टन, आणि वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर! निळ्या रंगाच्या या गाडीला लोकांनी ‘निळा चमत्कार’ म्हटले.

चमत्कार खराच, पण भौतिकशास्त्राने त्याचीही किंमत वसूल केली असणार. तीन टनांची वस्तू ताशी ८० किलोमीटरने जात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे पाऊण मेगाज्यूल असते. वेग १६० केला की ती दुप्पट नव्हे, चौपट होते: सुमारे तीन मेगाज्यूल. थांबताना ही सगळी उष्णता ड्रम ब्रेकना सोसायची असते. हेलकाव्याचा प्रश्न सुटला तरी ऊर्जेचा प्रश्न वाढूनच समोर आला. १९५५ च्या अखेरीस मर्सिडीझने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि या गाडीला काम उरले नाही. १९६७ मध्ये ती भंगारात निघाली. पुढे कंपनीला पश्चात्ताप झाला. जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे पाहून तशीच गाडी पुन्हा बनवण्याचे काम १९९० च्या दशकात हाती घेतले गेले आणि २००१ मध्ये ती लोकांसमोर आली.

सावकाश, पण सगळे बरोबर

तिसरे उत्तर स्कॉटलंडचे. एडिंबरोच्या डेव्हिड मरी यांनी काढलेला ‘एकुरी एकोस’ हा लहानसा संघ. पैसा बेताचा, पण १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने जॅग्वार डी-टाइप गाड्यांवर ल मान्सची शर्यत जिंकली. तोवर त्यांच्या गाड्या जुन्या बसगाड्यांत फेरफार करून केलेल्या वाहनांतून जात. पुढे चाहत्यांच्या मदतीने फॉलकर्क येथील अलेक्झांडर या बस बांधणाऱ्या कारखान्यात खास वाहन तयार झाले आणि ते १९६० मध्ये रस्त्यावर आले. दोन मोटारी वरच्या मजल्यावर, एक खाली, शेजारी छोटीशी कार्यशाळा.

त्याचे डिझेल इंजिनही शिक्षकांना रस वाटावा असे होते. कॉमर कंपनीच्या या इंजिनात तीन नळकांडी होती, पण दट्टे सहा. प्रत्येक नळकांड्यात दोन दट्टे एकमेकांकडे धावत येत आणि त्यांच्यामध्ये इंधन पेटे. हे वाहन निळ्या चमत्काराशी धावण्यात कधीच बरोबरी करू शकले नसते. पण ते तीन मोटारी, अवजारे आणि सुटे भाग एका खेपेत, कोरडे ठेवून, समुद्रापलीकडे नेऊ शकत होते. लहान संघाला हेच हवे होते. आणि गंमत पाहा: २०१३ मध्ये लिलावात या ‘हमाला’ला सुमारे १८ लाख पौंड किंमत आली. कित्येक जुन्या शर्यतीच्या मोटारींनाही तेवढी येत नाही.

निवड म्हणजे काय?

ही सगळी उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्याला वाटते, ओढणाऱ्यात ताकद किती हा मुख्य प्रश्न. प्रत्यक्षात शंभर अश्वशक्तीची साधी गाडीही टनभर वजन सपाट रस्त्यावर सहज ओढते. खरा प्रश्न असतो भार कुठे टेकतो, थांबताना ऊर्जा कुठे जाते आणि झीज कोणाच्या वाट्याला येते, हा. चालवत नेली तर वेळ वाचतो, झीज आणि धोका गाडी व चालक सोसतात. चाकांवर ओढली तर पैसा वाचतो, गिअरबॉक्स सोसतो. ट्रेलरवर नेली तर गाडी सुरक्षित राहते, पण भार जागेवर ठेवण्याची आणि हळू जाण्याची जबाबदारी माणसावर येते. पाठीवर नेली तर हेलकावा जातो, खर्च वाढतो. सर्वच बाजूंनी फायद्याची पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. जुनी मोटार शेकडो किलोमीटर न्यायची झाल्यास आम्हाला विचाराल, तर नीट तोललेला ट्रेलर आणि हाताशी भरपूर वेळ, असे आम्ही म्हणू.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. आडव्या ठेवलेल्या पेन्सिलीवर पट्टी टेकवा, एक टोक बोटाने हलके दाबून धरा आणि पट्टीवर पाच रुपयांचे नाणे सरकवत न्या. नाणे बोटाच्या बाजूला असताना बोटाला काय जाणवत नाही आणि पेन्सिलीपलीकडे गेल्यावर काय जाणवू लागते, ते मुलांना शब्दांत सांगू द्या. मग वरचे गणित वेगवेगळे आकडे घालून सोडवायला सांगा. वर्गात कोणाच्या घरी बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली असेल तर त्या मुलाला आधी बोलू द्या. पोती कुठे रचतात आणि का, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असण्याचा संभव आहे.

इतिहासाच्या तासालाही एक प्रश्न विचारता येईल. त्या दिवशी बेकर्सफील्डच्या रस्त्यावर दोन वाहनांना एकाच वेळी थांबवून दोघांनाही ‘हळू जा’ असे सांगितले गेले होते. एकाला ते ट्रेलरमुळे सांगितले, दुसऱ्याला ट्रेलरवर नसल्यामुळे. त्यांतले कोणते कारण मुलांना अधिक पटते, आणि का?